डावीकडून येणारी होडी

३ फेब्रुवारी

ढब्बू,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. फोनवर आपलं पाचव्या मिनिटाला भांडण होतं आणि मग महिनाभर मी तुझ्याशी मनातल्या मनात बोलत राहते. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. कागदावर तुला मला मधेच तोडता येत नाही.

बातमी अशी, की मी शिडाची होडी चालवायला शिकतेय. हस आता. हसून झालं की पुढे वाच.

मला नवीन मार्ग मिळालाय. त्याचा शेवटचा थांबा तळ्याकाठी आहे. तिथे बस उभी करून मी नि कंडक्टर चहा पितो, आणि समोर होड्यांच्या क्लबाची शेड दिसते. रोज ती तिकोनी शिडं बघून बघून एक दिवस आत गेले आणि नाव नोंदवून आले. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. एवढी वर्षं स्टिअरिंग धरलेले हात नंतर काय भाजी निवडणार? तुझे भाऊजी म्हणाले, "पोहता येतं का तुला?" म्हटलं, लाइफ जॅकेटला येतं.

आमचे मास्तर निवृत्त दंतवैद्य आहेत. पाण्यावर उत्तम, शिकवण्यात शून्य. दोरीला दोरी म्हटलं की दाढ दुखल्यासारखा चेहरा करतात. होडीवर म्हणे दोरी नसतेच, प्रत्येकीला वेगळं नाव असतं. डाव्याला डावं म्हणायचं नाही, उजव्याला उजवं म्हणायचं नाही. आणि दोन होड्या समोरासमोर आल्या की कुणी कुणाला वाट द्यायची, हे त्यांनी असं सांगितलं की वर्गातल्या वकीलबाईंनासुद्धा कळलं नाही.

तू तिकडे समुद्रावर इतकी वर्षं नवशिक्यांना हेच शिकवतोस. बस चालवणाऱ्या डोक्यात शिरेल असं लिही. रस्त्याचे नियम मला झोपेत विचार. सगळ्या नोकरीत गाडीला ओरखडा नाही. पाण्यावरचे असे काय वेगळे असणार?

तुझी ताई


११ फेब्रुवारी

ताई,

हसलो. बायकोलाही वाचून दाखवलं, तीही हसली. मग म्हणाली, "बघ, म्हातारपणी ती तुझ्यासारखी होतेय." याचा अर्थ मला लागला नाही.

कामाचं बोलू. होडीचं पुढचं टोक म्हणजे नाळ. मधोमध उभी ती डोलकाठी. शिडाच्या तळाशी आडवा दांडा असतो, तो बूम. डोक्यात बसतो तेव्हा आवाजही तसाच येतो, त्यामुळे हे नाव कुणी विसरत नाही. मागे पाण्यात फळी, ते सुकाणू. तुझ्या हातात असतो त्याचा दांडा, आणि तो स्टिअरिंगच्या बरोबर उलटा चालतो. दांडा डावीकडे ढकललास की होडी उजवीकडे वळते. पहिले काही दिवस तू बांबूच्या बेटात घुसशील. घुस.

शीड आत ओढायची नि सैल सोडायची जी दोरी, ती शीट. मास्तरांसमोर शीटच म्हण. नाळेकडे तोंड करून बसलीस की डावी बाजू पोर्ट, उजवी स्टारबोर्ड. डावं-उजवं एवढ्यासाठी म्हणायचं नाही, की समोर तोंड करून बसलेल्या माणसाचं डावं तुझं उजवं असतं, आणि वारा असताना त्यावर वाद घालायला वेळ नसतो. नाळ वाऱ्यातून फिरवून बाजू बदललीस तर ते टॅक. होडीची पाठ वाऱ्यातून फिरवलीस तर जाइब. जाइब करताना डोकं खाली. बूम आठवतोय ना?

आता वाट. रस्त्यावर तू बघतेस कोण कुठून आलं. इथे आधी बघायचं, वारा कुठून आला. वारा उजव्या गालाला लागत असेल तर हक्क तुझा. डाव्या गालाला लागत असेल तर समोरच्याला वाट दे. ज्याला वाट द्यायची त्याने ती लवकर द्यावी आणि समोरच्याला कळेल अशी ठळक द्यावी. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने नेहमीच बाजूने जायचं. इंजिनवाला बहुतेक वेळा शिडाला वाट देतो, पण मोठ्या बोटीशी हक्काची भाषा करू नये.

आणखी एक आहे, ते पुढच्या पत्रात. आधी गाल पाठ कर.

ढब्बू


२ मार्च

ढब्बू,

गाल पाठ झाले. तरीही परवा मी वकीलबाईंच्या होडीला धडकले.

आम्हाला आता एकेकट्याच्या छोट्या होड्या दिल्या आहेत. वारा माझ्या उजव्या गालाला, लख्ख. हक्क माझा. मी सरळ चालले होते नि एकदम डावीकडून ठक्क. बघते तो वकीलबाई. त्या काय म्हणाव्यात? "तुम्ही माझ्यावर आलात." मी म्हटलं, "वारा माझ्या उजवीकडून आहे." त्या म्हणाल्या, "माझ्याही उजवीकडूनच आहे." मास्तर धक्क्यावरून ओरडत होते, पण वाऱ्यात त्यांचं काहीच कळेना. शेवटी दोघींनी हाताने होड्या लांब ढकलल्या. वकीलबाई किनाऱ्यापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

दोघींचा उजवा गाल, तर मग हक्क कुणाचा? तुझा नियम अर्धवट आहे.

बाकी ठीक. पाण्यावर छान वाटतं. हॉर्न नाही, "थांबवा हो, थांबवा" नाही. फक्त शीड फडफडतं, तेही चुकलं तरच.

तुझी ताई


९ मार्च

ताई,

नियम अर्धवट नाही. "आणखी एक आहे" असं लिहिलं होतं, तेवढंच तू वाचलं नाहीस.

दोघांनाही एकाच बाजूने वारा असेल, तर वारा ज्याच्याकडे आधी पोचतो तो वरचा. त्याच्यापलीकडे असतो तो खालचा. वरच्याने खालच्याला वाट द्यायची, कारण वरचा खालच्याचा वारा अडवतो. वारा उजवीकडून, वकीलबाई तुझ्या डावीकडे, म्हणजे तू वरची. चूक तुझी. जाऊन सॉरी म्हण.

आणि रागावू नकोस, पण हे नियमाचं नाही, स्वभावाचं आहे. हक्क आपला आहे असं एकदा ठरलं की तू इकडेतिकडे बघत नाहीस. लहानपणी सायकलवर मला मागे बसवून चौकातून तशीच घुसायचीस. मी डोळे मिटून घ्यायचो. होडीत मागे कुणी नाही म्हणून बरं.

ढब्बू


३० मार्च

ढब्बू,

सॉरी म्हटलं. वकीलबाईंनी ते मान्य केलं आणि मला त्यांच्याकडचं एक नियमांचं पुस्तक वाचायला दिलं. माझ्यावर उपकार की माझ्यावर केस, ते कळलं नाही.

या वेळी मात्र चूक माझी नाही, आणि मास्तरांनीही तसं कबूल केलंय. वारा उजव्या गालाला. डावीकडून एक बँकेतला तरुण येत होता, त्याचा वारा डाव्या गालाला. म्हणजे वाट त्याने द्यायची. त्याने दिली नाही. हात-पाय गळून दांडा धरून नुसता बसला. त्याची नाळ माझ्या होडीच्या बरोबर मध्यावर. मी उलटले.

पाणी गार होतं. होडी सरळ करायला शिकवलेलं होतं, ते नीट जमलं, हे मुद्दाम सांगते. तो पोरगा मला दहा वेळा "काकू, लागलं का?" विचारत होता. चपला बुडाल्या, दुसरं काही नाही.

तर तुझा तो स्वभावाचा मुद्दा मागे घे.

तुझी ताई

ता. क. शीड डावीकडे सोडलेलं असताना त्या बाजूचं काही दिसत नाही. असंच असतं ना?


६ एप्रिल

ताई,

मागे घेत नाही.

हक्क तुझा होता, मान्य. पण हक्क म्हणजे काही भिंत नव्हे. समोरचा वाट देत नाहीये असं दिसलं की हक्कवाल्यानेही वळायचं. पाण्यावर धडक टाळायची जबाबदारी शेवटी दोघांचीही असते. माझ्याकडे येणारा प्रत्येक पोरगा पहिल्या दिवशी हे ऐकतो. त्या बँकवाल्याचे हात-पाय गळाले ते तुला दिसलं, म्हणजे तो येताना तुला दिसला होता. तरी तू वळली नाहीस. "यानेच हललं पाहिजे" म्हणत बसून राहिलीस. मी ओळखतो तुला.

शीड आड येतं हे खरं. म्हणून दर थोड्या वेळाने वाकून त्याच्या खालून बघायचं असतं. ते करतेस का?

ढब्बू


२४ एप्रिल

ढब्बू,

तू मला ओळखतोस हे ऐकून बरं वाटलं. पण मला तो दिसला नाही. हात-पाय गळाल्याचं मला नंतर धक्क्यावरच्या लोकांनी सांगितलं. मला आधी धक्का बसला, मग नाळ दिसली, मग पाणी. मी वाकून बघते. त्या दिवशीही बघितलं होतं. नव्हतं कुणी. खोटं कशाला लिहू?

असो. आता एक गंमत ऐक, म्हणजे तुझा राग जाईल. गेल्या रविवारी वारा अगदीच पडला. शिडं उतरवून सगळे वल्ह्यांनी परत येत होतो. मी ऐटीत सगळ्यांच्या पुढे. धक्क्याजवळ एक जाड खांब आहे, होड्या बांधायचा, पिवळा रंगवलेला. तो वर्षानुवर्षं तिथेच आहे. मी डाव्या अंगाने सरळ त्याच्यावर. मास्तर म्हणाले, "बाई, याचा वारा कुठल्या गालाला होता?" सगळा धक्का हसला. मीही हसले.

घरी तुझ्या भाऊजींनी दाराजवळचं ते चपलांचं कपाट हलवून आतल्या खोलीत नेलं. म्हणे मी रोज त्याला अडखळते. शाळेत मुलांना रेघा मारायला लावून लावून आता त्यांना घरातही सगळं सरळ रेषेत हवं असतं.

डेपोत नवा कंडक्टर मिळालाय. फार बोलतो. सारखं "ताई, सायकल", "ताई, म्हातारी उतरतेय". मला काय दिसत नाही? पण पोरगा चांगला आहे.

तुझी ताई


२८ एप्रिल

ताई,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. बस.

तुझी सगळी पत्रं पुन्हा काढून वाचली. वकीलबाई डावीकडून. बँकवाला डावीकडून. खांब डावीकडे, आणि तेव्हा शीड खाली उतरवलेलं होतं. शीड आड नव्हतं, ताई. दाराजवळचं ते कपाट तुमच्या घरात शिरताना डाव्या हाताला येतं, हे मला इथे बसून आठवतंय.

मी तुला दोन वेळा हट्टी म्हटलं. तो माझा मूर्खपणा. हे हट्टाचं नाहीच.

एक कर. भाऊजींना समोर खुर्चीत बसव. उजवा डोळा तळहाताने झाक. त्यांच्या नाकाकडे बघत राहा, नजर हलवू नकोस. त्यांना म्हणावं एक चमचा तुझ्या डाव्या कानाकडून हळूहळू पुढे आणा. चमचा दिसला की सांग. मग तू डावा डोळा झाक आणि त्यांना उजवीकडून तसंच करायला सांग. दोन्हींत किती फरक पडतो ते मला कळव.

आणि ते होईपर्यंत बस चालवू नकोस. रजा टाक. काहीही कारण सांग.

ढब्बू


१० मे

ढब्बू,

डेपोत दरवर्षी डोळे तपासतात. या वर्षीही तपासले. डाव्या डोळ्याने तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली, ती बारीक अक्षरं तुझ्या भाऊजींना चष्मा लावूनही वाचता येत नाहीत. तू डॉक्टर कधी झालास?

रजा टाकायला मी काय आजारी आहे? नवीन मार्गावर दुसरी कुणी ड्रायव्हर नाही. मी घरी बसले तर सकाळची शाळेची फेरी कोण नेणार?

इकडे उकाडा आहे. मास्तरांनी आता जाइब शिकवायला घेतलंय.

ताई


१५ मे

ढब्बूराव,

मला पत्रं लिहायची सवय नाही. फळ्यावर लिहितो तेवढंच. तरी हे तुम्हाला कळायला हवं असं वाटलं. तुमच्या ताईला मी लिहितोय हे माहीत नाही.

तुमचं पत्र तिने मला दाखवलं नव्हतं. टेबलावर उघडं होतं म्हणून वाचलं. रविवारी जेवणं झाल्यावर मी चमचा घेऊन समोर बसलो. ती म्हणाली, "हा काय पोरखेळ?" पण बसली. उजव्या बाजूने चमचा कानापासून थोडा पुढे आणला तोच म्हणाली, दिसला. डाव्या बाजूने आणत गेलो, आणत गेलो. तिने माझ्या नाकाकडे बघत विचारलं, "सुरू केलं का?" चमचा तोवर माझ्या गालाजवळ आला होता.

मी चमचा खाली घेतला. तिला कळलं असावं. तिने माझ्या हातून चमचा घेतला, धुतला, जागेवर ठेवला. सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे ड्युटीवर गेली. मी म्हटलं, "डॉक्टरकडे जाऊन ये, मग जा." ती म्हणाली, "दीड वर्ष राहिलंय. आता मला कोण काय शिकवणार?"

मला तिच्याशी वाद घालता येत नाही, हे तुम्ही जाणता. लग्नापासून आलं नाही. काय करावं ते सुचवा.

तुमचा,
भाऊजी


१९ मे

ताई,

चमच्याचं मला कळलं. भाऊजींवर चिडू नकोस, त्यांच्या जागी दुसरा असता तर त्याने आधीच कळवलं असतं.

तक्त्यावरची शेवटची ओळ तू वाचलीस यावर माझा विश्वास आहे. इथल्या एक डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्याकडे होडी शिकतात, त्यांना विचारलं. समोरचं लख्ख दिसतं आणि कडेचं आधी हळूहळू जातं, असा आजार असतो म्हणतात. माणसाला कळत नाही, कारण दुसरा डोळा सांभाळून घेतो. कडा गेल्यात हे तक्त्यावर समजत नाही. तक्ता समोर असतो.

तू रोज शाळेची फेरी नेतेस. मुलं दाराने उतरून डावीकडून पळतात. मी हे लिहितोय तोवर तुझी दुसरी फेरी सुटली असेल.

मी तुझ्या डेपो मॅनेजरना पत्र लिहिलंय. ड्रायव्हरच्या डोळ्यांची पूर्ण तपासणी होईपर्यंत तिला गाडी देऊ नका, एवढंच. बाकी तुझ्याबद्दल एक शब्द वाकडा नाही. ते पत्र आणि हे पत्र एकाच पेटीत, एकापाठोपाठ टाकतोय. तुझ्या पाठीमागे काही केलं असं व्हायला नको.

तुझा,
ढब्बू


२७ जून

ढब्बूराव,

तुमच्या तिन्ही पत्रांना उत्तर गेलं नाही म्हणून मी लिहितो. ती सध्या लिहीत नाही. बोलतेही कमीच.

निदान झालं. काचबिंदू. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू बहुतेक गेलेली आहे आणि गेलेलं परत येत नाही. उजव्यातही सुरुवात झालीय, पण अगदी थोडी. रोज थेंब घातले तर तो राहील असं डॉक्टर म्हणतात. आणखी वर्षभर उशीर झाला असता तर उजव्याचंही सांगता आलं नसतं.

डेपोने तिला चौकशी खिडकीवर बसवलं आहे. ती जाते. वेळेवर जाते, वेळेवर येते. थेंब मी घालतो. घालताना ती छताकडे बघत असते, तेव्हा मी दोन शब्द बोलून घेतो.

तुमचा,
भाऊजी


४ जुलै

ताई,

भाऊजींकडून कळलं. उजव्या डोळ्याचं ऐकून मी क्लबच्या शेडमागे जाऊन बसलो होतो. पोरांनी विचारलं तेव्हा म्हटलं, डोळ्यांत वाळू गेली.

डेपोला लिहिलं याबद्दल मी माफी मागत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा लिहीन. पण तुझं काय गेलं ते मला माहीत आहे. घरातल्या प्रत्येक पाहुण्याला तू तुझ्या त्या मोठ्या गाडीबद्दल सांगायचीस आणि मी आत जाऊन कंटाळल्याचं सोंग करायचो. माझ्या वर्गात मात्र मी सगळ्यांना सांगतो, माझी बहीण बस चालवते. अजूनही चालवते असंच सांगतोय. ते बदलायचं माझ्याच्याने होत नाही.

उत्तर लिही किंवा लिहू नकोस. थेंब चुकवू नकोस.

ढब्बू


२० ऑगस्ट

ढब्बू,

लिहितेय. आधी काय झालं ते तुला सांगते, कारण ते तुला माहीत नाही.

तुझी दोन्ही पत्रं एकाच पेटीत पडली असतील, पण डेपोचं आधी पोचलं. माझं दुपारी घरी आलं. सकाळी मी गाडी थांब्यावर लावली होती. लोक चढत होते. डेपो मॅनेजर स्वतः आले, सोबत दुसरा ड्रायव्हर. खिडकीशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, जरा खाली या." मी म्हटलं, "फेरीला उशीर होईल." ते म्हणाले, "फेरी हे नेतील." पुढच्या सीटवरची मुलं बघत होती. मी माझी पाण्याची बाटली घेतली, बसायची उशी घेतली आणि उतरले. त्या नव्या ड्रायव्हरने आरसे स्वतःच्या उंचीला लावून घेतले. ते बघितलं आणि मी मॅनेजरांच्या खोलीकडे चालू लागले.

मॅनेजरांनी पत्र वाचून दाखवलं. तू सभ्यपणे लिहिलं होतंस. "माझी बहीण अत्यंत काळजीपूर्वक गाडी चालवते" असंही लिहिलं होतंस. ते वाक्य ऐकून मला तुझा सगळ्यात जास्त राग आला. मी म्हटलं, "मी आजारी नाही." ते म्हणाले, "नसालच. पण कंडक्टरला विचारू का?" मग त्यांनी त्या बडबड्या पोराला बोलावलं. तो बुटांकडे बघतच म्हणाला, "ताईंना डावीकडचं सांगावं लागतं. मी सांगतो ना. कधी चुकवलं नाही."

ढब्बू, मला वाटायचं त्याला बडबडायची सवय आहे.

त्याच्या आधीचा कंडक्टरही सांगायचा. त्याला मी एकदा म्हटलं होतं, "तू तिकीट फाड, गाडी मी बघते." घरी येऊन तुझं पत्र वाचलं आणि कपाटात टाकलं. पुढची तीनही न फोडता टाकली. परवा फोडली. त्यातली दोन निव्वळ "डॉक्टरकडे गेलीस का" एवढीच आहेत. शेडमागच्या वाळूचं वाचलं. तुझ्याकडे वाळू कायमचीच आहे, यावर मी काय बोलणार?

डॉक्टर मशीनसमोर बसवतात. अंधारात बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी भराभर दाबत होते. वाटलं, छान चाललंय. नंतर त्यांनी कागद दाखवला. डाव्या डोळ्याचा बाहेरचा बहुतेक भाग काळा. तिथेही दिवे लागत होते म्हणे. मला वाटलं होतं, मशीन मधेमधे थांबतंय. डॉक्टरांनी विचारलं, "हे तुमच्या लक्षात कसं आलं?" मी म्हटलं, "माझ्या नाही आलं. भाऊ होड्या शिकवतो." त्यांना काही कळलं नाही. मी समजावत बसले नाही.

आता चौकशी खिडकीवर बसते. लोक विचारतात, अमक्या ठिकाणी कुठली गाडी जाते. मला सगळ्या ठाऊक आहेत, वळणांसकट. काम वाईट नाही. घरी परतताना मी माझ्याच मार्गाच्या बसने येते, कंडक्टर तोच. गाडी थांब्यावर शिरताना माझा पाय आपोआप ब्रेक दाबतो. शेजारी बसलेल्या बाईंनी परवा विचारलं, "पाय दुखतोय का?" म्हटलं, हो.

तळ्यावर मी जून-जुलै गेले नाही. मग एक दिवस मास्तर घरी आले. चहा घेतला, तुझ्या भाऊजींचे दात बघून नाक मुरडलं आणि म्हणाले, "दोघांची होडी आहे. मागे सुकाणूवर कुणीतरी बसेल, पुढे शीड सांभाळायला तुम्ही. नुसत्या घरी बसून राहिलात तर मला आवडणार नाही." तुझे भाऊजी एकदम म्हणाले, "सुकाणूवर मी बसेन." ढब्बू, हा माणूस बादलीतल्या पाण्यालाही घाबरतो. पहिल्या दिवशी त्यांनी दांडा असा धरला होता, जणू कुणी पळवून नेणार आहे. पण ते डावीकडचं सगळं सांगतात. बदक आलं तरी सांगतात. मी शिडाची शीट धरते आणि ओरडते, "वारा कुठल्या गालाला?" ते म्हणतात, "घाबरलोय, गाल कळत नाहीयेत." वकीलबाई लांबूनच आम्हाला वाट देतात, हक्क असो नसो.

आता शेवटचं. त्या पत्राबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. तू माझा भाऊ आहेस, आधी माझ्याकडे येऊन माझ्यासमोर उभा राहायला हवा होतास. एक दिवस लागला असता. तू आला असतास तर मी ऐकलं असतं का, ते मला सांगता येत नाही. बहुतेक नसतं ऐकलं. आणि मग तू तेच पत्र टाकलं असतंस. हेही मला कळतं. तरी माफ केलेलं नाही. करेन तेव्हा कळवीन.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. मला समुद्र बघायचाय, आणि तुझ्या वर्गात जाऊन बहीण आता बस चालवत नाही हे माझं मीच सांगणार आहे. स्टेशनवर घ्यायला ये. गर्दी असेल, म्हणून सांगून ठेवते. माझ्या उजव्या हाताला उभा राहा. डावीकडे राहिलास तर मी तशीच पुढे निघून जाईन, आणि तुला उगाच वाटेल की मी अजून रागावलेय.

तुझी ताई